मदत हवी आहे: डेल्फ्टच्या फुलदाणीवरची 'एके' खूण जुनी की नक्कल?

नमस्कार मंडळी. मी नेदरलँड्समध्ये हेगला राहते. इथल्या जुन्या बाजारात डेल्फ्टची (डेल्फ्ट म्हणजे निळ्या-पांढऱ्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध डच शहर) निळी-पांढरी अष्टकोनी फुलदाणी घेतली, उंची २४ सेंमी. बुडाशी एकमेकांत गुंफलेली 'ए' आणि 'के' ही अक्षरं आहेत. ही खूण डेल्फ्टमधल्या 'ग्रीक्शे आ' या भांड्यांच्या कारखान्याचा मालक आद्रियानुस कॉक्स याची (१६८६ ते १७०१). पण पुढे १९व्या शतकात तिच्या नकला भरपूर झाल्या, त्यामुळे नुसत्या खुणेवर माझा भरवसा नाही.

भिंगातून पाहिलं. नक्षी हाताचीच आहे: मोराच्या पिसात कुंचल्याचा फटकारा जाड होत होत बारीक होतो, छपाईचे ठिपके कुठेच नाहीत. काठावर झिलईचे टवके उडालेत आणि खाली पिवळसर, भुसभुशीत माती दिसते. म्हणजे पोर्सेलिन नाही, कथिलाच्या झिलईचं भांडंच आहे. पण नक्कलही अशीच बनवता येते ना!

वय काढायची प्रयोगशाळेतली चाचणी नको, त्यासाठी भांड्याला भोक पाडावं लागतं. विकायची नाही, त्यामुळे किंमतही नको. आतला चुन्याचा थर मुद्दाम तसाच ठेवलाय. काठाचे, बुडाचे फोटो जोडलेत.

ज्यांनी अशी भांडी प्रत्यक्ष हाताळलीत त्यांना विचारते: बुडाची कडा, झिलईतली बारीक छिद्रं, निळ्याची छटा, यांपैकी नेमकं काय पाहून १७व्या शतकातलं काम १९व्या शतकातल्या नकलेपासून वेगळं ओळखता?