शब्दचर्चा: रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या @@ ला ‘वारसा’ म्हणावं का?

जळगाव: पॅरेंट क्लासमध्ये लिहिलेलं @@दर (@@ ने सुरू होणारं क्लास व्हेरिएबल, म्हणजे चल) त्याच्यापासून बनलेल्या चाइल्ड क्लासलाही दिसतं. म्हणून मराठी टिपणात त्याला ‘वारसाचल’ लिहिलं तर चालेल का?

धुळे: नको भाऊ. वारसा म्हटला की वाटणी आली, आणि इथे तीच नाही. शब्द ‘सामाईक’ घ्या, सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीतला. शेतमाल क्लासमध्ये @@दर = 1200 लिहा, केळी या चाइल्डमध्ये 1800 करा; आता शेतमालला विचारलं तरी 1800, आणि दुसऱ्या चाइल्डला, कापूसलाही 1800. इहीर एक, पानी समदासले.
(@@दर असं देवनागरी नाव रुबी घेते. क्लासचं नाव मात्र कॅपिटलनेच सुरू व्हावं लागतं, ते देवनागरीत कुठून आणणार!)

रावेर: क्रम उलटला तर काय होतं तेही टिपणात घाला. @@दर आधी केळीमध्ये आणि नंतर शेतमालमध्ये आलं, तर केळीतून ते वाचताना रुबी 3.0 पासून थेट रनटाइमएरर येते.

जळगाव: मग क्लासच्या अंगात एकाच @ ने लिहिलेलं @दर?

धुळे: ती ‘खातेफोड’. क्लास हाही ऑब्जेक्टच, त्यामुळे प्रत्येकाचं @दर वेगळं. चाइल्डला मात्र सुरुवातीला निल (म्हणजे काहीच नाही) मिळतं, एरर नाही. चूक कळते ती पुढे, निलला गुणायला गेल्यावर. पॅरेंटची किंमत उतरवायची तर इनहेरिटेड हुक (चाइल्ड क्लास बनताना रुबी आपोआप चालवते ती मेथड) लिहा: आधी सुपर, मग चाइल्डवर इन्स्टन्स_व्हेरिएबल_सेट, आणि किंमत @दर.डूप करून, म्हणजे तिची प्रत काढून. याला ‘वारसनोंद’ खुशाल म्हणा. ही नोंद चाइल्ड क्लास जन्मतो त्याच क्षणी होते; पॅरेंटने नंतर घेतलेलं काही चाइल्डकडे येत नाही. शिवाय डूप वरवरचं असतं, किंमत ॲरे (यादी) असेल तर तिच्या आतल्या स्ट्रिंग दोघांच्या सामाईकच राहतात.

रावेर: रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कमधल्या क्लास_ॲट्रिब्यूटला ‘विभक्त होईपर्यंत एकत्र’ म्हणावं लागेल. चाइल्डने स्वतःची किंमत ठेवेपर्यंत तो पॅरेंटचीच वाचतो.

धुळे: आणि तिथेच ‘फेरफार’ हा शब्द नेमका बसतो. तलाठ्याच्या गाव नमुना 6 मधल्या फेरफारालाही इंग्रजीत म्यूटेशनच म्हणतात. समजा बाजार हे ॲरे धरणारं क्लास_ॲट्रिब्यूट आहे. चाइल्डमध्ये बाजार << 'सावदा' केलं की पॅरेंटच्याच ॲरेत फेरफार होतो आणि सावदा सगळ्या क्लासांत उगवतं. self.बाजार += ['सावदा'] लिहिलं की नवा ॲरे बनतो आणि खातं फुटतं. सुरुवातीचा self विसरलात तर रुबी बाजारला लोकल व्हेरिएबल समजते, आणि निलवर + करायला जाऊन नोमेथडएरर देते.