मदत हवी आहे: ऐनवेळी अपॉइंटमेंट कॅन्सल केली की फी बुडते, काय करावं?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीला राहते, सहा वर्षं झाली आमवात आहे (र्‍हुमॅटॉइड). माझे डॉक्टर ठाण्यात नौपाड्याला बसतात, माणूस खरंच चांगला, पण क्लिनिकने आता नवीन नियम काढलाय की फी आधीच ऑनलाइन भरायची आणि २४ तासांच्या आत कॅन्सल केलं तर पैसे परत नाही. आता मला सांगा, माझी बोटं उद्या सकाळी वळणार की नाही हे मला आज कसं कळणार?

गेल्या मंगळवारी साडेदहाची वेळ होती. सकाळी उठले तर ब्रशवर पेस्ट काढता येईना, ट्यूब दाताने दाबली शेवटी. त्या हाताने ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत दांडा धरून उभं राहायचं म्हणजे विचारूच नका. फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, सिस्टीममध्ये ऑप्शनच नाहीये." १२०० रुपये गेले. वर मेथोट्रेक्सेट (आमवाताचं औषध) चालू असल्यामुळे रक्ताचे रिपोर्ट दाखवणं टाळताही येत नाही, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं ना.

तिचीही चूक नाही म्हणा, लोक बुक करून येतच नाहीत, तो स्लॉट फुकट जातो.

तर कोणी अशा वेळी त्याच स्लॉटमध्ये व्हिडिओ कॉल मागून घेतलाय का? की डॉक्टरांना थेट चिठ्ठी लिहून फाइलवर नोंद करून घेऊ? अहो म्हणतात भांड, पण डॉक्टर बदलायचे नाहीयेत मला. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, पुढची तारीख गुरुवारची आहे.