ई२० पेट्रोल भरून तुमच्या गाडीचं ॲव्हरेज किती? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

कराड ते सातारा रोजचं जाणं-येणं, शंभरेक किलोमीटर. गाडी २०१५ ची, पेट्रोलवरची. आधी लिटरला १७.८ द्यायची. पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून पाच वेळा टाकी फुल टू फुल मोजली: एकच पंप, नोजल आपोआप बंद झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर. सरासरी आली १६.६. लिटर शंभराचा धरला तरी रोज चाळीस रुपये जास्त, महिन्याला हजार.

हिशोब जुळतोही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांश ऊर्जा कमी. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर सहा-सात टक्के गेलेच. म्हणजे ई२० लिटरमागे सहा-सात रुपयांनी स्वस्त मिळालं तरच आमच्यासारख्यांची तोंडमिळवणी. तरीही बचत कशी करायची, हे ज्यांना जमलंय त्यांनी लिहा. गाडीचं साल आणि मोजायची पद्धत नक्की सांगा.

*

वाईहून लिहितोय. गाडी २०२४ ची, टाकीच्या झाकणावरच ई२० छापलंय. मला फरक जाणवत नाही. इंजिनाची जुळणीच या इंधनासाठी असेल तर घट एक-दोन टक्क्यांची, ती वाऱ्या-पावसातही होते. माझी बचत झाली ती पसरणी घाटात. उतारावर सगळे न्यूट्रल करतात, मीही करायचो. पण गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, वर ब्रेक तापतात ते वेगळं. दुसरं म्हणजे दर पंधरवड्याला थंड टायरमध्ये हवा.

*

तासगाव. वडिलांची २००८ ची गाडी. सकाळी शेडमध्ये पेट्रोलचा वास यायचा, खाली थेंब नाही. मिस्त्रींनी टाकीकडून येणारा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. बोटाने दाबला तर जोडापाशी लिबलिबीत, वाकवला तर बारीक भेगा. इथेनॉलनेच गेला असं ते म्हणाले नाहीत, सोळा-सतरा वर्षांचं रबर आहे, पण जुन्या रबराला हे इंधन सोसत नाही म्हणाले. इथेनॉल चालणारा पाइप आणि नवे क्लिप टाकले. चार पैसे वाचवायच्या नादात हे काम पुढे ढकलू नका, गाडी पेट घेईल. एप्रिल २०२३ च्या, म्हणजे ई२० ला चालणारे भाग यायच्या आधीची गाडी असेल तर एकदा खालून बघून घ्याच.

*

मिरजेत माझं दुचाकीचं गॅरेज आहे. पावसाळ्यानंतर ‘स्टार्ट होत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्या दोन-दोन महिने उभ्या असतात. गिऱ्हाइकाला मी मापाची काचेची नळी दाखवतो. ९० मिली पेट्रोल, त्यात १० मिली पाणी, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. खालचा थर दहावर राहत नाही, २७ च्या आसपास येतो, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. टाकीत पाणी शिरलं की हेच होतं, आणि पंप किंवा कार्बोरेटर नेमका तळातलंच ओढतो. गाडी उभी राहणार असेल तर झाकणाचं रबर तपासा आणि आठवड्यातून एकदा फिरवून आणा.

*

वाळवा तालुका, ऊस उत्पादक. ॲव्हरेजचा तोटा मलाही बसतो, पण हा पैसा बाहेरच्या तेलाऐवजी आपल्या शिवारात येतो याचं मला समाधान आहे. फक्त भरवसा हवा. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातली, पुढच्या हंगामाआधी उठवली. दरम्यान इथेनॉलसाठी मका उसाच्या पुढे निघून गेला. कारखान्याने त्या भरवशावर डिस्टिलरी वाढवायची आणि आम्ही बिलाची वाट बघायची, हे वरचेवर नको.

*

धागा काढणारा, कराड. वाईकरांनी सांगितलं तसं तीन आठवडे केलं. टायरमध्ये हवा पाच पॉइंट कमी निघाली. ॲव्हरेज १७.१. पाइप रविवारी उघडून बघतोय, निघेल ते लिहितो.