कॉलरबोन मोडून ५ आठवडे झाले, दुखत नाहीये, टूर्नामेंट खेळू का?

लेफ्टविंगर_बडोदा:
नमस्कार, मी २० वर्षांचा, दांडिया बाजारात राहतो. ५ आठवड्यांपूर्वी पोलो ग्राउंडवर फुटबॉलच्या प्रॅक्टिस मॅचमध्ये बॉल घेऊन आत कट मारला तेवढ्यात डिफेंडरचा पाय लागला आणि सरळ डाव्या खांद्यावर आपटलो, कट्ट असा आवाज माझा मलाच ऐकू आला. हाड मधोमध मोडलं पण फारसं सरकलं नव्हतं म्हणून ऑपरेशन नाही, नुसती झोळी. आता झोळीही सुटली, दुखत नाही, फक्त तिथे सुपारीएवढं टेंगूळ आलंय. आजी त्या हाडाला हासळी म्हणते आणि म्हणते हाडवैदाकडे जाऊन ते टेंगूळ बसवून घे. ३ आठवड्यांनी आमची टूर्नामेंट आहे, टीममध्ये डाव्या पायाचा मी एकटाच. डॉक्टरांकडे इतकी गर्दी होती की खेळाचं विचारायचं राहूनच गेलं. कुणाला अनुभव आहे का?

जुना_स्टॉपर:
नको रे भावा, हात जोडतो. मी अगदी हेच केलं होतं, दुखत नाही म्हणून सातव्या आठवड्यात उतरलो, पहिल्या हाफमध्ये मस्त खेळलो आणि मग एका कॉर्नरला हेड मारायला उडी मारली, खाली येताना त्याच बाजूवर पडलो आणि त्याच जागी परत मोडलं. मग प्लेट, स्क्रू, टाक्यांच्या खालची कातडी बधिर ती आजपर्यंत तशीच, आणि बॅगचा पट्टा त्या प्लेटवर असा रुततो की बॅग कायम दुसऱ्या खांद्यावर. एका टूर्नामेंटपायी पूर्ण सीझन गेला. दुखणं आधी थांबतं, हाड पक्कं व्हायला त्यानंतरही बराच वेळ लागतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

फिजिओ_रावपुरा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. ते टेंगूळ म्हणजे मोडलेल्या जागेभोवती शरीराने घातलेला नव्या हाडाचा जोड, तो आधी मऊ असतो, मग कडक होतो आणि पुढे महिनोन्‌महिने हळूहळू आपोआप लहान होतो, थोडा उंचवटा कायम राहिला तरी बिघडत नाही. ते चोळून किंवा दाबून कृपा करून कुणाकडूनही बसवून घेऊ नकोस, त्या हाडाच्या अगदी खालूनच हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. आजींना माझं नाव सांगून समजाव.

मोठ्या माणसात हे हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात आणि धक्काबुक्कीच्या खेळात परतायला बहुतेकांना ३-४ महिने. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं पाहिजे, दाबून दुखायला नको, हात पूर्ण वर जायला हवा आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी हवी. थ्रो-इन टाकून बघ, बॉल दोन्ही हातांनी डोक्यामागून आणावा लागतो ना, खांदा तयार नसेल तर तिथेच कळतं. सिगरेट ओढत असशील तर आज बंद कर, तिच्यामुळे हाड जुळायला खरंच उशीर होतो. पाय मात्र बसवून ठेवू नकोस, जागेवरची सायकल सुरू कर, आणि खांद्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील त्या क्रमाने.

लेफ्टविंगर_बडोदा:
थँक्यू ताई, दादा. मघाशी रिकाम्या हातांनीच थ्रो-इनची ॲक्शन करून बघितली, डावा हात कानाच्या खालीच अडला. सोमवारी परत डॉक्टरांना दाखवतो, यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेतो. कॅप्टनला आत्ताच नाही म्हणून मेसेज केला, फार वाईट वाटलं. आणि नवरात्रात गरब्याला जाऊ का? तोपर्यंत साधारण ९ आठवडे होतील.

फिजिओ_रावपुरा:
बघायला जा. गोलात उतरू नकोस, तिथली गर्दी तुझ्या डिफेंडरपेक्षा वाईट, आणि मागून कोण आदळेल ते दिसतही नाही. ॲक्टिव्हा पण स्वतः चालवू नकोस डॉक्टर हो म्हणेपर्यंत, कुणाच्या तरी मागे बस, उजव्या हाताने धरून.