इन्फोसिसचा निकाल गुरुवारी: धरायचा की आत्ताच मोकळं व्हायचं?

कृष्णाकाठ, सांगली (रविवार, १२ ऑक्टोबर २०२५)

गुरुवारी, १६ तारखेला, इन्फोसिसचा दुसऱ्या तिमाहीचा निकाल आहे. विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींत हा शेअर नसलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळे दोन दिवस दुसरा विषयच नाही. निम्मे म्हणतात निकालाआधी विका, निम्मे म्हणतात दिवाळीपर्यंत थांबा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांना सोपं जाईल: विकू नका, पण वाढीच्या आशेवर धरूही नका. हा शेअर आता पैसे परत देणारा झालाय, तो तसाच मोजा.

चलनाचा चढउतार बाजूला काढून महसुलाची वाढ बघा. २०२१-२२ मध्ये १९.७ टक्के, पुढच्या वर्षी १५.४, त्यापुढे १.४ आणि गेल्या वर्षी ४.२. यंदासाठी एप्रिलमध्ये कंपनीने शून्य ते तीन टक्के सांगितले, जुलैत खालचं टोक उचलून एक ते तीन केलं. गुरुवारी समजा दोन ते तीन केलं, तरी फटाके लावण्यासारखं त्यात काय आहे?

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षीचा नफा २६,७१३ कोटी, म्हणजे शेअरमागे साधारण ६४ रुपये. लाभांश ४३ रुपये. त्यावर गेल्या महिन्यात जाहीर झालेलं १८,००० कोटींचं बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेणं), भाव १,८०० रुपये. बाजारात शेअर दीड हजाराच्या आसपास फिरतोय. पाच वर्षांत मिळून मोकळ्या रोखीपैकी साधारण ८५ टक्के भागधारकांना परत करायचं कंपनीचं धोरणच आहे. त्यामुळे गुरुवारी नफा दोन टक्के इकडे की तिकडे, यापेक्षा मी गायडन्स (वाढीचा कंपनीने स्वतः सांगितलेला अंदाज) आणि मार्जिन (महसुलातला धंद्याचा खर्च जाऊन उरणारा टक्का) बघणार. जुलैच्या निकालात मार्जिन २०.८ टक्के होतं. ते टिकलं तर बाकी आरडाओरडा चालू दे.

---

वायदेकर, तासगाव

काका, ६४ रुपये कमाई आणि दीड हजार भाव, म्हणजे तेवीस पट. तीन टक्के वाढणाऱ्या कंपनीला तेवीस पट कशासाठी द्यायचे? लाभांश धरून हातात येतात पावणेतीन-तीन टक्के. आमच्या पतसंस्थेची ठेव याच्या दुपटीहून जास्त देते.

आणि निकालाच्या दिवसाचा इतिहास विसरू नका. १२ एप्रिल २०१३ ला गायडन्स कमी आलं आणि शेअर एका दिवसात २१ टक्के आपटला. १७ एप्रिल २०२३ ला पुन्हा तेच, नऊ टक्क्यांच्या वर. मी शुक्रवारीच मोकळा झालो. निकाल चांगला आला तर दोन-चार टक्के वर घेऊ, काय बिघडलं?

---

सौदाबाजार, मार्केट यार्ड

वायदेकर, अर्धाच इतिहास सांगताय. त्याच २०१३ च्या जानेवारीत निकालाच्या दिवशी हाच शेअर सतरा टक्क्यांच्या आसपास उडाला होता. त्या दिवशी आधी विकून बसलेला माणूस "दोन-चार टक्के वर" घ्यायला गेला असता तर कुठे मिळाला असता?

आमच्या पेढीवर हळदीचा वायदा आणि आयटीचे शेअर एकाच मोबाईलवर बघतात, तेही एकाच घाईने. हळदीला निदान पाऊस आणि आवक दिसते. निकालाचा आकडा आदल्या दिवशी कुणालाच दिसत नाही. त्यावर पैसे लावणं याला मी गुंतवणूक म्हणत नाही.

---

हिंजवडी टू विटा

मी यातल्याच एका कंपनीत आहे (नाव विचारू नका), दर रविवारी रात्रीच्या बसने पुण्याला जाणाऱ्यांपैकी. आकडे तुम्ही मांडलेत, आतलं थोडं मी सांगतो.

पूर्वी कराराचं नूतनीकरण आलं की ग्राहक दर घासायचा, दोन-पाच टक्के इकडे तिकडे व्हायचे. हल्ली पहिलाच प्रश्न येतो: "तुमची माणसं एआय वापरतात ना? मग तेवढ्याच कामाला तेवढीच माणसं का?" आमच्या टीमच्या मागच्या नूतनीकरणात काम तेच राहिलं, माणसं कमी झाली आणि वाचलेल्या पैशांत ग्राहकाने सरळ वाटा मागितला. एआयमुळे आमचं काम खरंच लवकर होतं, यात खोटं काही नाही. पण आपण तासावर बिल लावणारे लोक. काम लवकर झालं तर बिल कमी.

म्हणून मोठ्या करारांचे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. पहिल्या तिमाहीत इन्फोसिसने ३.८ अब्ज डॉलरचे मोठे करार सांगितले. त्यात नवं किती आणि जुनंच स्वस्तात पुन्हा लिहून दिलेलं किती, हे बघा. निकालाच्या पत्रकात "नेट न्यू" म्हणून टक्का देतात. सगळ्या कागदांतला तो एकच आकडा मी आधी वाचतो.

---

कृष्णाकाठ

हे कामाचं सांगितलंत. नेट न्यूचा टक्का मी आजवर नुसता वाचून सोडत होतो. पण मग मार्जिन का पडत नाही? दर घासले जातायत तर ते दिसायला नको?

---

हिंजवडी टू विटा

काका, कारण फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलाय. शिवाय डॉलर ८८ च्या वर गेलाय. मार्जिन आमच्या खिशातून आणि रुपयाच्या घसरणीतून टिकतंय, असं माझं म्हणणं. तुम्ही भागधारक, तुम्हाला ते गोड लागेल.

---

अमळनेरवाले, मु. मिरज

माहेर अमळनेर, सासर मिरज, म्हणून हे नाव. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आमच्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. तेव्हा गावातल्या लोकांनी घेतलेले शेअर पुढे बोनसवर बोनस लागून कुठल्या कुठे गेले. आमच्या गावात "विप्रो विकला" हे वाक्य लोक "जमीन विकली" याच सुरात म्हणतात. तिमाही निकाल कुणी बघितले होते? इन्फोसिसचंही तेच. १९९३ मध्ये ९५ रुपयांचा इश्यू पुरता भरलासुद्धा नव्हता. विकणाऱ्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, धरणाऱ्यांच्या सांगतात.

---

वायदेकर, तासगाव

वहिनी, म्हणूनच तर त्या गोष्टी खोट्या पडतात. सत्यम धरलेले लोक कुठे बोलतात? ७ जानेवारी २००९ ला मालकाने स्वतःच हिशेब खोटे असल्याचं पत्र दिलं आणि एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त भाव गेला. पुढे टेक महिंद्रात विलीन झाली तेव्हा सत्यमच्या १७ शेअरना २ मिळाले. तेही "जमीन" समजूनच धरून बसले होते की.

इन्फोसिस म्हणजे सत्यम, असं मी म्हणत नाही. हिशेब चोख असले तरी धंदा म्हातारा होतो, एवढंच. टीसीएसचा निकाल गेल्या गुरुवारी आलाच आहे. चलन वगळून महसूल वर्षभरात ३.३ टक्के घटला, एका तिमाहीत १९,७५५ माणसं कमी झाली. एवढं बघूनही इन्फोसिसकडून वेगळी अपेक्षा ठेवायची?

---

सौदाबाजार, मार्केट यार्ड

टीसीएसची ती घट बरीचशी बीएसएनएलचं मोठं काम संपत आल्यामुळे आहे. आदल्या तिमाहीशी तुलना केली तर ०.८ टक्के वाढ आहे. ३.३ सांगायचं आणि ०.८ लपवायचं, हे तासगावी बरं.

---

वायदेकर, तासगाव

०.८ ला तुम्ही वाढ म्हणा. आमच्याकडे बेदाणा कोल्ड स्टोअरेजला ठेवून भावाची वाट बघताना भाडं मोजावं लागतं. तुमचं भाडं म्हणजे महागाई. ते धरा आणि मग बोला. गेल्या डिसेंबरात हा शेअर दोन हजारांवर होता, आज दीड हजार. दहा महिन्यांत चौथा हिस्सा गेला, लाभांश कुठे पुरणार?

आणि एच-वन-बीच्या (अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाच्या) नव्या अर्जाला एक लाख डॉलर? ते १९ सप्टेंबरचं फर्मान सगळे विसरले वाटतं.

---

हिंजवडी टू विटा

ते फक्त नव्या अर्जांना आहे, जुन्या व्हिसाच्या नूतनीकरणाला नाही. शिवाय कंपन्यांनी तिकडे स्थानिक भरती कधीच वाढवलीय. मला त्यापेक्षा अमेरिकी सिनेटमधलं ते विधेयक जास्त टोचतं, परदेशी काम दिलं तर त्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं. अजून नुसता प्रस्ताव आहे, पण तसं झालं तर तुमच्या तेवीस पटीवर वाद घालायला कुणी उरणार नाही.

---

मास्तरीणबाई, सांगलीवाडी

सगळे निकालावर भांडताय, मला बायबॅकचं कुणीतरी नीट सांगा. निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे ६० शेअर, बहुतेक ७०० च्या आसपास घेतलेले. पुतण्या म्हणतो, "आत्या, बायबॅकमध्ये दिलेस तर सगळ्या रकमेवर कर लागेल, त्यापेक्षा बाजारात विक." खरं का?

---

कृष्णाकाठ

बाई, पुतण्या नियम बरोबर सांगतोय, पण तो त्याच्या पगाराचा हिशेब तुमच्यावर लावतोय. १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकची पूर्ण रक्कम लाभांश धरतात आणि ज्याच्या त्याच्या स्लॅबने कर लागतो. तुमची ७०० ची खरेदी त्यातून वजा होत नाही, ती वेगळा भांडवली तोटा म्हणून दाखवता येते आणि आठ वर्षं पुढे ओढता येते.

आता गणित करा. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला सेस धरून ३१.२ टक्के जाणार. १,८०० मधले हातात राहतात सुमारे १,२३८. बाजारात दीड हजार मिळत असताना तो कशाला देईल? पण तुमचं निवृत्तिवेतन, व्याज आणि ही रक्कम मिळून बारा लाखांच्या आत असेल आणि नवी करप्रणाली घेतली असेल, तर सवलतीमुळे कर शून्य. लाभांश हे साधं उत्पन्न आहे, त्याला ती सवलत चालते. बाजारात विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्याच्या १२.५ टक्के कराला मात्र चालत नाही, हे उलट लक्षात ठेवा. त्यातला पहिला सव्वा लाख माफ आहे, ते वेगळं.

दुसरं, छोट्यांसाठी १५ टक्के शेअर राखीव असतात. रेकॉर्ड डेटच्या (कुणाकडे किती शेअर आहेत हे कंपनी ज्या दिवशी बघते, त्या दिवसाच्या) बंद भावाने ज्याच्या शेअरची किंमत दोन लाखांच्या आत, तो छोटा. दीड हजाराने १३३ शेअरपर्यंत. तुमचे ६० आरामात बसतात. आणि वरच्या स्लॅबवाले मागे राहिले तर तुमच्यासारख्यांचे जास्त स्वीकारले जाण्याची शक्यता वाढते. गेल्या कित्येक वर्षांत सरकारचा एखादा कर निवृत्त शिक्षिकेच्या बाजूने पडलेला मी तरी पाहिला नाही, हा पडलाय!

---

वायदेकर, तासगाव

शक्यता, शक्यता. साठातले किती घेतील, सांगता येतं का? भागधारकांची मंजुरी बाकी, रेकॉर्ड डेट जाहीर नाही. समजा दहा-बारा घेतले आणि बाकीचे तेराशेला अडकले, तर?

आणि मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. एआयने जग बदलतंय म्हणता आणि कंपनी १८,००० कोटी परत वाटतेय. स्वतःच्या धंद्यात पैसा लावायला जागा दिसत नाही, याची ही कबुली आहे.

---

कृष्णाकाठ

अहो, मी पहिल्याच पोस्टमध्ये तेच म्हणालो की! जागा दिसत नसताना कुठलीतरी कंपनी महाग विकत घेऊन पैसे घालवण्यापेक्षा मला परत द्या. यात मला कमीपणा वाटत नाही. २०१७ चं बायबॅकही असंच टेंडरचं (ठरलेल्या भावाने थेट भागधारकांकडून घेण्याचं) होतं, १३,००० कोटींचं, १,१५० रुपयांनी. त्यानंतरची तीन त्यांनी खुल्या बाजारातून केली, त्यात आपल्याला वेगळं काही मिळालं नाही. यावेळी आठ वर्षांनी छोट्यांना दार उघडलंय.

किती घेतील ते मलाही सांगता येत नाही. म्हणून तर, फक्त बायबॅकसाठी कर्ज काढून नवीन शेअर घेऊ नका. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी गुरुवारच्या भीतीने १,५०० ला का द्यावेत, एवढाच प्रश्न मी विचारतोय.

---

सौदाबाजार, मार्केट यार्ड

वायदेकर, २१ तारखेला मुहूर्ताचा सौदा यंदा दुपारी पावणेदोन ते पावणेतीन आहे. तुम्ही परत घ्याल तेव्हा इथे भाव लिहा. आम्ही पेढे खाऊ, कुणाच्याही खर्चाने.

---

वायदेकर, तासगाव

१,४०० च्या खाली आला तर घेईन, लिहून ठेवा. वर गेला तर तुमचे पेढे माझ्याकडून.

---

मास्तरीणबाई, सांगलीवाडी

कृष्णाकाठ, आता समजलं. शेवटचं एक: यांच्या नावावर वेगळे ९० शेअर आहेत. आमच्या दोघांचे मिळून दोन लाखांच्या वर जातात. मग मी छोटी राहणार नाही का? आणि टीडीएस कापतील का?

---

कृष्णाकाठ

पॅन बघतात, घर नाही. तुमचं पॅन वेगळं, त्यांचं वेगळं, दोघंही छोटे. एकाच पॅनवर दोन डिमॅट असती तर मिळून एक धरलं असतं. टीडीएस वर्षाला दहा हजारांच्या वर लाभांश गेला की दहा टक्के कापतात. रेकॉर्ड डेट लागल्यावर कंपनीचं टीडीएसचं पत्रक येईल, त्यात १५एच (कर लागत नाही म्हणून टीडीएस कापू नका, असा ज्येष्ठांचा फॉर्म) कधी आणि कुठे भरायचा ते असेल. साहेबांचाही वेगळा भरा, आणि ईमेल पुतण्याच्या नावावर असेल तर आधी स्वतःचा करून घ्या.