क्रीट बेटावर लहान मुले आणि सासू-सासऱ्यांसह रिसॉर्ट: एलुंदा घ्यावे की रेथिम्नो?

प्रश्न (लेखिका: निळाई)

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळ्यात ग्रीसमधील क्रीट बेटावर आठवडाभर राहण्याचा आमचा विचार आहे. आम्ही दोघे, पाच आणि दोन वर्षांची मुले आणि सासू-सासरे असे सहा जण आहोत. सासूबाईंना गुडघ्यांमुळे पायऱ्या आणि चढ झेपत नाहीत. सासरे पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. रोज नवे ठिकाण गाठण्याची धावपळ आम्हाला नको आहे. एकाच चांगल्या पंचतारांकित रिसॉर्टमध्ये निवांत राहावे, मुलांना वाळूत आणि पाण्यात मनसोक्त खेळू द्यावे आणि जमल्यास एखाद-दुसरा दिवस आसपासचे काही पाहून यावे, एवढीच अपेक्षा आहे.

बराच शोध घेतल्यावर दोन भाग समोर आले आहेत. पूर्वेकडील एलुंदा छायाचित्रांत फारच देखणे दिसते आणि तिथे खासगी तलाव असलेले बंगलेही मिळतात. रेथिम्नोच्या आसपासची रिसॉर्ट त्या मानाने साधी, पण ऐसपैस वाटतात. ‘कुटुंबांसाठी उत्तम’ असे दोन्हीकडच्या जाहिरातींत लिहिलेले असल्याने त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आमच्यासारख्या कुटुंबाला कोणता भाग सोयीचा पडेल, कोणता महिना निवडावा आणि जेवणाची कोणती योजना घ्यावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लेखक: वाळूचा किल्ला)

आपल्या प्रश्नाचे उत्तर हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा किनाऱ्याच्या ठेवणीत शोधावे, असे मला वाटते. एलुंदा मिराबेलो उपसागराच्या पश्चिम काठावर आहे आणि तिथे डोंगर जवळजवळ सरळ समुद्रात उतरतात. त्यामुळे तिथल्या अनेक नामांकित रिसॉर्टमध्ये खडकावर बांधलेल्या ओट्यांवरून शिडीने पाण्यात उतरावे लागते. मधूनमधून वाळू असलेल्या लहान खाचा आहेत, पण त्या खरोखरच लहान आहेत. उत्तम पोहणाऱ्या माणसाला ते नितळ, खोल पाणी सोडून बाहेर यावेसे वाटणार नाही. दोन वर्षांच्या मुलाचे आईवडील मात्र दिवसभर त्याचा हात धरून उभे राहतील. शिवाय बंगले उतारावर वसवलेले असल्याने ज्या खोलीतून समुद्र अधिक चांगला दिसतो, त्या खोलीकडे जाणारा चढही बहुधा अधिक असतो. बॅटरीवर चालणारी छोटी गाडी बोलावता येते, परंतु सासूबाईंना प्रत्येक जेवणासाठी गाडीची वाट पाहणे आवडेल का, याचा विचार करावा.

याउलट रेथिम्नोच्या जुन्या शहराला लागून पूर्वेकडे सुमारे १२ किलोमीटरचा वाळूचा पट्टा आहे. मागची जमीन बरीचशी सपाट आहे, त्यामुळे तिथल्या रिसॉर्टमध्ये खोली, भोजनगृह आणि किनारा एकाच पातळीवर असण्याची शक्यता अधिक असते. पश्चिमेला जॉर्जिओपोलीजवळही असाच लांब वालुकामय किनारा आहे. आपल्या सहा जणांसाठी मी डोळे झाकून या पट्ट्याची शिफारस करेन.

जाहिरातींतील दोन शब्दांबद्दल सावध राहावे. ‘खासगी किनारा’ म्हणजे प्रत्यक्षात रिसॉर्टच्या खुर्च्या, छत्र्या आणि सेवा. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिथे कोणीही येऊ शकते. ‘ब्लू फ्लॅग’ हे मानांकन पाण्याची स्वच्छता, सुरक्षितता आणि व्यवस्थापन यांसाठी दिले जाते. किनाऱ्यावर वाळू आहे की गोटे आणि पाणी किती पावलांवर खोल होते, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी उपग्रह नकाशा उघडून स्वतः पाहणे आणि रिसॉर्टला थेट लिहून विचारणे हेच उत्तम. ‘खोलीपासून वाळूपर्यंत एकही पायरी नसलेला रस्ता आहे का?’ या प्रश्नाला जे रिसॉर्ट नेमके उत्तर देईल, त्यावर विश्वास ठेवावा.

उत्तर (लेखिका: दर्यावर्दी)

वरील प्रतिसादातील किनाऱ्याचे वर्णन योग्य आहे, पण त्यात वारा राहून गेला आणि क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर वाऱ्याला वगळून चालत नाही. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि तुर्कस्तानच्या बाजूचा कमी दाब यांमुळे उन्हाळ्यात एजियन समुद्रावरून उत्तरेचे कोरडे वारे वाहतात. त्यांना मेल्तेमी म्हणतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर सर्वाधिक असतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र खवळलेला, असे सलग काही दिवस होऊ शकते. रेथिम्नोचा लांब किनारा उत्तरेकडे उघडा असल्याने लाटा थेट येतात. लाल झेंडा लागला की मुलांनी पाण्यात जायचे नाही, मग आपण कितीही पैसे भरलेले असोत. एलुंदाचे गावालगतचे पाणी त्या मानाने शांत असते, कारण समोर स्पिनालोंगाचा द्वीपकल्प आडवा पसरलेला आहे आणि आतले खारकच्छ उथळ आहे. म्हणून एलुंदाला सरसकट बाद करू नये. तिथे या आतल्या पाण्यावर असलेले, सपाट जागेवरचे रिसॉर्ट मिळाले, तर धाकट्या मुलासाठी ते रेथिम्नोपेक्षाही सुरक्षित ठरेल. अर्थात तशी रिसॉर्ट मोजकीच आहेत.

महिन्याबाबत मात्र माझ्या मनात शंका नाही: सप्टेंबर. मे महिन्यात पाण्याचे तापमान २० अंशांच्या आसपास असते, जे मुलांना गारच वाटते. ऑगस्टमध्ये ते साधारण २६ अंशांपर्यंत चढते आणि सप्टेंबरमध्ये फारसे उतरत नाही, तर तोपर्यंत मेल्तेमी आणि गर्दी दोन्ही ओसरू लागलेली असतात. ऑक्टोबरअखेरीस बहुतेक किनारी रिसॉर्ट हिवाळ्यासाठी बंद होतात. कोणत्याही महिन्यात गेलात तरी तापवलेला लहान मुलांचा तलाव आहे का, हे जरूर विचारावे. वाऱ्याच्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

रेथिम्नोला गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. तिथल्या वाळूत लॉगरहेड जातीची समुद्री कासवे उन्हाळ्यात अंडी घालतात आणि घरट्यांभोवती संरक्षक चौकटी उभ्या केलेल्या असतात. रात्री किनाऱ्यावर विजेरी घेऊन फिरू नये, कारण प्रकाशामुळे पिल्लांची समुद्राकडची दिशा चुकते. पाच वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगितले, तर तो सबंध रिसॉर्टला शिस्त लावेल!

उत्तर (लेखक: ऑलिव्हचे झाड)

मी जेवणापुरते आणि खर्चापुरते लिहितो.

शाकाहाराची फार चिंता नसावी. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असल्याने मांस, अंडी आणि दूध यांशिवायचा स्वयंपाक तिथे परंपरेनेच चालत आला आहे. अशा पदार्थांना ‘निस्तीसिमा’ म्हणतात आणि भोजनगृहात हाच शब्द वापरला तर वाढपी लगेच समजतो. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या फरसबी, भेंडी, वांगी यांच्या भाज्या, पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो आणि द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेले दोल्मादेस हे सारे सासऱ्यांना चालेल, मात्र भरलेल्या पदार्थांत खिमा नाही ना, हे दर वेळी विचारावे. दाकोस म्हणजे बार्लीच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि चीज. क्रीटमध्ये तो घेतल्याशिवाय परतू नये.

सर्वसमावेशक योजना घ्यावी की न्याहारी आणि रात्रीचे जेवण एवढेच, याबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. दोन लहान मुले असताना दिवसभर आइस्क्रीम, फळे आणि पाणी यांचा हिशेब न ठेवावा लागणे ही मोठी सोय आहे, हे मान्य; पण सर्व पैसे भरले की माणूस रिसॉर्टच्या फाटकाबाहेर जेवत नाही आणि क्रीटमधले खरे जेवण फाटकाबाहेरच्या छोट्या तावेर्नांत (खाणावळींत) मिळते. रेथिम्नोला गाव जवळ असल्याने अर्धी योजना पुरेशी आहे. उतारावरच्या एकाकी रिसॉर्टमध्ये राहणार असाल, तर पूर्ण योजना घेणेच शहाणपणाचे.

जाहिरातीच्या दरात सहसा न दिसणारा एक खर्च लक्षात ठेवावा. ग्रीस सरकार निवासावर हवामानविषयक शुल्क आकारते आणि २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पंचतारांकित हॉटेलसाठी ते प्रत्येक खोलीमागे दर रात्री १५ युरो आहे. दोन खोल्या आणि सात रात्री धरल्यास २१० युरो होतात आणि ते बहुधा स्वागतकक्षातच भरावे लागतात. दोन खोल्या घेणार असाल, तर मधल्या दाराने जोडलेल्याच मागाव्यात आणि तसे आरक्षणावर लिहून घ्यावे. ‘विनंती नोंदवली आहे’ या उत्तराला काहीही अर्थ नसतो. मुलांच्या क्लबमध्ये चार वर्षांखालील मुलांना अनेक ठिकाणी पालकांशिवाय घेत नाहीत, तेव्हा धाकट्यासाठी वेगळे पाळणाघर आहे का आणि त्याचे पैसे वेगळे लागतात का, हेही विचारून घ्यावे.

प्रतिसाद (लेखिका: निळाई)

सर्वांचे मनापासून आभार. वाऱ्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. थोरल्याची शाळा बुडाली तरी हरकत नाही, म्हणून सप्टेंबर नक्की करत आहोत आणि रेथिम्नोजवळ जोडखोल्या मिळतात का, ते पाहत आहोत. आता एकच शंका उरली आहे: सासऱ्यांना क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि स्पिनालोंगा बेट दोन्ही पाहायचे आहेत. मुलांना आणि सासूबाईंना घेऊन रेथिम्नोहून हे जमेल का?

उत्तर (लेखिका: दर्यावर्दी)

क्नोसोस जमेल. रेथिम्नो ते हेराक्लिऑन शहर साधारण ८० किलोमीटर आहे आणि तिथून क्नोसोस अगदी जवळ. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली जिथे उत्खनन सुरू केले, तो हा क्रीटच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीचा राजवाडा. जमीन खडबडीत आहे आणि सावली फार कमी, म्हणून दार उघडताच आत जावे आणि ऊन चढण्याआधी बाहेर पडावे. सासूबाईंना ते जड वाटले, तर त्यांनी हेराक्लिऑनचे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. मूळ भित्तिचित्रे आणि फेस्तोस येथे सापडलेली, चिन्हे उमटवलेली मृत्तिका-चकती तिथेच आहेत आणि इमारत थंड आहे. मुलांना आधी चक्रव्यूहात राहणाऱ्या, बैलाचे डोके असलेल्या मिनोटॉर राक्षसाची गोष्ट सांगून ठेवावी, म्हणजे पडक्या भिंतींतही त्यांना चक्रव्यूह दिसतो.

स्पिनालोंगा मात्र रेथिम्नोहून सर्वांनी मिळून करू नये. हेराक्लिऑनच्याही पुढे सुमारे ७० किलोमीटर एलुंदा, मग नाव, मग व्हेनेशियन किल्ल्यातील दगडी वाटा आणि चढ असा तो प्रवास आहे. १९०३ ते १९५७ पर्यंत तिथे कुष्ठरुग्णांची वसाहत होती आणि ती घरे पाहायची तर चालावेच लागते. सासरे आणि आपल्यापैकी एक जण असे दोघांनी पहाटे निघून जाऊन यावे. समोरच्या प्लाका गावातून नाव घेतली, तर पाण्यावरचा प्रवास अवघा काही मिनिटांचा आहे. उरलेल्यांनी त्या दिवशी जॉर्जिओपोलीजवळच्या कुर्नास सरोवरावर जावे. तिथे गोडे पाणी, पायडल मारायच्या होड्या आणि बदके आहेत. टॅक्सी सांगताना दोन्ही मुलांच्या वयाप्रमाणे आसने आदल्या दिवशीच मागून ठेवावीत, कारण ऐन वेळी ती मिळतीलच असे नाही.

उत्तर (लेखक: वाळूचा किल्ला)

दर्यावर्दी यांच्याशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो: रेथिम्नोच्या पट्ट्यातही काही रिसॉर्ट किनाऱ्याच्या रस्त्यापलीकडे आहेत आणि ‘किनाऱ्यापासून ५० मीटर’ या पन्नास मीटरांत वाहता रस्ता येतो. जोडखोल्यांची चौकशी करताना तेवढे नकाशावर पाहून घ्यावे.