अंदमानात एक दिवसाचं स्नॉर्कलिंग : चौघांत पोहणारा एकच, तयारी काय करावी?

रामबागकर_इंदूर
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत सहा रात्री अंदमान ठरतंय. त्यातला एक दिवस गाइडबरोबर स्नॉर्कलिंगला (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पालथं तरंगत प्रवाळ बघायला) ठेवायचा आहे. आम्ही चौघं. मला पोहता येतं, पण तरणतलावातलं. बायकोला येत नाही, तिला उणे साडेचारचा चष्मा आहे. मुलगी ९ वर्षांची. सासरे ६३ वर्षांचे, बीपीची गोळी रोज चालू.
प्रश्न असे:
१. जॉली बॉय की हॅवलॉकचा एलिफंट बीच?
२. मास्क इथून न्यावा की तिथे मिळतो तो चालतो? चष्म्याचं काय करायचं?
३. पोहता न येणाऱ्याला खरंच काही दिसतं, की नुसता फोटो?
४. सासऱ्यांना पाण्यात उतरवावं का?
एजंट सगळ्याला "हो जाएगा" म्हणतो, म्हणून इथे विचारतोय.

भरती_ओहोटी
पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. दोन्ही जागा चांगल्या, पण त्यांचा स्वभाव वेगळा.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट, उद्यान १९८३ चं. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) गाडीने वांडूरला जायचं, तिथून बोट. वनखात्याचा परवाना लागतो, तो आधी काढायचा, आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवायची. सोमवारी बंद. फेब्रुवारीत जॉली बॉय उघडं असतं. साधारण मेच्या मध्यापासून ते बंद करून रेड स्किन उघडतात, म्हणजे एका बेटाला आळीपाळीने विश्रांती. प्लास्टिक अजिबात चालत नाही, जेटीवर पिशव्या तपासतात. पाणी स्टीलच्या बाटलीत, जेवण स्टीलच्या डब्यात. बेटावर दुकान नाही, तेव्हा डबा न्यायचाच आणि खरकटंही परत आणायचं. गर्दी कमी, प्रवाळ चांगले, पण पाण्यात मिळणारा वेळ बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून.

एलिफंट बीचला हॅवलॉकच्या (स्वराज द्वीप) जेटीवरून बोटीने जातात. किनाऱ्यापासून थोड्या पावलांवर प्रवाळ सुरू होतात, त्यामुळे न पोहणाऱ्याला सोपं. दुसरीकडे जेट-स्की, बनाना बोट, गोंगाट सगळं तिथेच. बोटीच्या तिकिटात "फ्री स्नॉर्कलिंग" लिहिलेलं असतं ते बहुधा काही मिनिटांचंच, तेही गाइडने तरंगती रिंग धरून ओढत नेलेलं. निवांत बघायचं असेल तर अर्ध्या-पाऊण तासाची फेरी वेगळी ठरवा आणि किती मिनिटं पाण्यात, हे पैसे देण्याआधी विचारा.

तुमच्या चौघांसाठी मी एलिफंट बीचच म्हणेन, पण सकाळच्या पहिल्या बोटीने. त्या बेटांवर घड्याळ आपलंच, सूर्य मात्र फार लवकर. फेब्रुवारीत सहाच्या आसपास उजाडलेलं असतं आणि साडेपाचला अंधारायला लागतं. दुपारी वारा उठला की पाण्यावर लाट येते आणि तळ दिसेनासा होतो.

भरती-ओहोटीचं कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. पुनवेला आणि अमावास्येला उधाण असतं, पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि ओढही जास्त. घरातल्या पंचांगात अष्टमी-नवमी बघा, त्या सुमाराला भांगाची भरती, पाणी त्यातल्या त्यात शांत. दिवसातली उत्तम वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचा-नंतरचा तासभर. तेव्हा खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि प्रवाळांवर पुरेशी खोली असते. ओहोटीत खाजणातला गाळ बाहेर येतो, पाणी गढूळ होतं, आणि उथळ जागी गुडघे-पोट प्रवाळावर घासतं. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशेब अंदमानात लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी, पोर्ट ब्लेअरचंच भरतीचं कोष्टक बघा.

काच_आणि_रबर
मास्क इथूनच न्या. बाकी सगळं भाड्याने घेतलं तरी चालेल. दिवस फुकट जातो तो बहुतेक वेळा मास्क गळल्यामुळे.

बसतो की नाही हे बघायची रीत: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, केस बाजूला, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा, कितीही महाग असला तरी. काच टेम्पर्ड, कडेची झालर सिलिकॉनची. मुलीला लहान मुलांचाच मास्क, मोठ्यांचा पट्टा आवळून चालत नाही. उलट पट्टा फार आवळला की झालर मुडपते आणि जास्त गळतं. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर हवा, कानांवर नको.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला चिकट थर असतो, त्यामुळे कितीही थुंकी लावली तरी वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) बोटाने काचेला आतून दोन मिनिटं चोळा, धुवा, असं तीनदा. मग पाण्यात उतरण्याआधी बेबी शांपूचा एक थेंब आतून फिरवून एकदाच खळबळून टाका. काचेवर आधीच धुकंरोधक लेप असेल तर टूथपेस्ट लावू नका, लेप निघून जाईल.

चष्मा: काड्या झालरीखाली येतात, म्हणून मास्कच्या आत चष्मा बसतच नाही. तयार नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने, दोन डोळ्यांना वेगळ्याही. वहिनींना उणे साडेचार मिळाला तर उत्तम, नाही तर उणे चारही पुरेल, कारण सपाट काचेतून पाण्यात वस्तू साधारण एक-तृतीयांश मोठी आणि एक-चतुर्थांश जवळ दिसते. चष्म्यात थोडा सिलिंडरचा (तिरप्या) नंबर असेल तर सोडून द्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्याच तर एका दिवसाच्या, आणि बाहेर आल्यावर फेकून द्यायच्या. पाण्यातले सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकले तर बुबुळाला भारी पडतं.

पहाटेची_बॅच
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दिसतं, पण आधी इथे सराव केला तर. स्नॉर्कलिंगला पोहणं कमी आणि तोंडाने शांत श्वास घेणं जास्त लागतं. खाऱ्या पाण्यात अंग तरंगतंच, वर लाइफ जॅकेट. न पोहणारा माणूस बुडत नाही हो, घाबरतो. नाकात पाणी गेलं की मास्क ओरबाडून काढतो आणि सरळ उभं राहायला बघतो.

निघण्याआधी गावातल्या तरणतलावात चार सकाळी, रोज वीस मिनिटं:
पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त मास्क लावून तोंड पाण्यात. नाक बंद आहे, श्वास तोंडाने, एवढंच मेंदूला पटवायचं. दुसऱ्या दिवशी नळी. तिचं रबर ओठ आणि हिरड्यांच्या मधे, दातांनी हलकं धरायचं. करकचून चावलं की दहा मिनिटांत जबडा दुखतो. नजर सरळ खाली नको, जरा पुढे, नाही तर नळीचं टोक बुडतं. तिसऱ्या दिवशी मुद्दाम पाणी आत घ्यायचं. नळीत गेलं तर "टू!" म्हणत एकच जोराची फुंकर, आणि पुढचा श्वास सावकाश, कारण तळाशी दोन थेंब उरलेले असतात. मास्कमधे गेलं तर मान किंचित वर, चौकटीची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने श्वास सोडायचा; पाणी खालून निघून जातं. चौथ्या दिवशी जॅकेट घालून पालथं तरंगणं आणि स्वतःहून उताणं होणं. हे उताणं होणं जमलं नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ.

नर्मदेत पोहायची सवय असलेल्यांनीही सराव चुकवू नये. तोंड वर ठेवून पोहायची सवय इथे आडवी येते.

गाइडला विचारायचं: एका गाइडमागे माणसं किती (न पोहणाऱ्यांसाठी दोनपेक्षा जास्त नकोत), मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का, बोटीला शिडी आहे का, नळीचं रबर कशात धुता. जॅकेट घातल्यावर मुलीला खांद्यांजवळ धरून वर उचलून बघा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच.

आणि खुणा ठरवून घ्या. आपण अंगठा वर करतो तो "मस्त" म्हणून. डायव्हिंगवाल्यांत त्याचा अर्थ "वर चला". अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक, आडवा पंजा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय.

छप्पनवाला
एवढी भानगड कशाला भिया, पूर्ण चेहऱ्याचा मास्क मिळतो ना आता. नाकाने श्वास घेता येतो, मुलंही खूश.

काच_आणि_रबर
@छप्पनवाला, मुलीसाठी तर तो मुळीच नको. आतली जागा मोठी. झडपा नीट बसल्या नाहीत तर सोडलेला श्वासच पुन्हा आत येतो, डोकं जड होतं. पाणी शिरलं तर फुंकून काढता येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तो झटकन काढताही येत नाही. नळी तोंडातून नुसती थुंकून टाकता येते. त्याच कारणाने लांब नळीही चांगली नसते. ३५-४० सेंटिमीटर पुरे; त्याहून लांब झाली की शिळी हवा आत उरते, आणि खोल गेलेली छाती पाण्याच्या दाबाविरुद्ध फुगत नाही.

नाडी_बघून
सासऱ्यांबद्दल. वय अडसर नाही, पण बीपी हलक्यात घेऊ नका. पाण्यात आडवं झालं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार वाढतो. त्यात अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढला तर फुप्फुसांत पाणी उतरू शकतं, आणि तेही उथळ पाण्यात, काही न गिळता. बीपी असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: "नळीने श्वास घेत अर्धा तास पाण्यात, चालेल का?" नुसतं "फिरायला जातोय" म्हणालात तर ते हो म्हणतीलच.

परवानगी मिळाली तर: गोळी चुकवायची नाही, पोहोचल्या दिवशी उतरायचं नाही, किनाऱ्याजवळ, गाइडच्या रिंगला धरून, पाय न मारता, दहा मिनिटं. धाप लागली, पाय गळाले, छाती आवळली तर पहिली गोष्ट उताणं होणं आणि नळी काढणं, मग हात वर. परवानगी नसेल तर काचेच्या तळाची बोट आहे, त्यात तेच प्रवाळ दिसतात आणि पँटही भिजत नाही. डोक्यावर हेल्मेट घालून तळावर चालवतात तो सी-वॉक मात्र बीपीवाल्यांनी टाळावा.

बोट लागते त्यांनी ॲव्होमिन निघण्याआधी तास-दोन तास घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नाही. झोप येते. सासऱ्यांच्या इतर गोळ्यांबरोबर आणि मुलीच्या वयाला किती, हे डॉक्टरांना विचारून. सकाळी दोन इडल्या बस. पोहे-जिलबी हाणून बोटीत बसू नये, वरून शेव तर नाहीच.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओतायचं, तंतू चिमट्याने काढायचे. काटेरी सी-अर्चिनवर पाय पडला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. प्रवाळाने खरचटलं तर साबण-पाण्याने कण निघेपर्यंत धुवा, ती जखम फार चिघळते. आणि मगरीच्या पाट्या लावलेल्या असतात त्या गंमत म्हणून नाहीत. खाजणाच्या तोंडाशी उतरायचं नाही.

रामबागकर_इंदूर
सगळ्यांचे आभार. सोमवार टाळून तारखा फिरवतोय, सराव उद्यापासून. तीन गोष्टी राहिल्या: मला भरघोस मिशी आहे, मास्क गळेल का? सनस्क्रीन कोणतं? आणि मुलीला शंख-शिंपले गोळा करायचेत.

काच_आणि_रबर
गळेल. नाकाखालची वरची कड अर्धा सेंटिमीटर भादरा, बाकी मिशी शाबूत. लोक व्हॅसलीन लावतात, मी सिलिकॉन ग्रीस सुचवेन.

भरती_ओहोटी
सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट आणि लांब पँट बरी. पालथं तरंगताना मान, पाठ आणि गुडघ्यांमागची लवण भाजते, आणि पाण्यात असेपर्यंत कळत नाही. उरलेल्या जागी झिंक ऑक्साइडचं. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेलं नको. प्रवाळांना अपायकारक म्हणून हवाईत २०२१ पासून त्याची विक्री बंद आहे. अंदमानच्या प्रवाळांनी २०१० आणि २०१६ ची उष्ण पाण्याची सालं आधीच सोसली आहेत. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, आणि माशांना बिस्किटं टाकणाऱ्या बोटवाल्याला नको म्हणायचं.

शिंपले मात्र नाहीत. प्रवाळ, मेलेला तुकडासुद्धा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, कित्येक शंखही. विमानतळावर सामान तपासतात आणि काढून घेतात.

त्याऐवजी तिला पोपटमासा ओळखायला शिकवून ठेवा: हिरवा-निळा, पुढे चोचीसारखे दात. कान पाण्यात असताना तो प्रवाळ कुरतडतो त्याची करकर ऐकू येते, न पोहणाऱ्यालाही. खाल्लेल्या प्रवाळाचा भुगा तो मागून सोडतो, आणि अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी तीच असते. हे कळल्यावर ती वाळू खिशात भरणार नाही असं वाटतं, पण भरलीच तर झटकून या.